सात पॉइंट नव्वद

चपलांच्या खोक्याचं झाकण, त्याला सहा भोकं
पेचकसानं पाडलेली.
त्यात सहा वॉल्व उभे, डोकी वर,
वारुळावरच्या टेकोड्यांसारखी.
इंझाळ्याच्या फुटाण्यांचा ट्रॅक्टर. हेड काल उतरवलं.
सोयाम मिस्त्री म्हणतो,
"ज्याची बैठक त्यालेच. अदलाबदल केली
त इंजिन चालन, पन रुसून चालन."

मला तो नावानं हाक मारत नाही.
"ए आयटीआय, मायक्रोमीटर घे."
डबीतली मखमल उडाली, पण
शून्य अजून शून्यावर लागतं.
रोज सकाळी, चहाच्या आधी, आम्ही तेवढं पाहतो.

दांडी तीन ठिकाणी मोजायची. वर, मधात, खाली.
मग पाव फेरा फिरवून पुन्हा.
रॅचेट तीनदा टिकटिकली की थांबायचं;
दाबून घेतलेलं माप
आपल्याला हवं तेच बोलतं.
मी वाचते, मीच लिहिते.
त्याला बारीक रेघा दिसत नाहीत आता,
हे आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

मी वाचायच्या आधी तो दांडी
अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवतो, डोळे मिटून,
समोरच्या जिनिंगचा भोंगा वाजत असला तरी.
"शहाण्णव."
सात पॉइंट शहाण्णव.
"पंच्याण्णव."
पंच्याण्णव.
चौथ्यापर्यंत माझी पेन्सिल
त्याच्या ओठांकडे बघूनच चालायला लागली होती.

सहावा. एक्झॉस्ट.
काठ पातळ, तोंडाला राखाडी काजळी.
"चौऱ्याण्णव. चालते."
टिक. टिक. टिक.
नव्वद.
रॉकेलनं धुतला. पुसला. पाव फेरा.
नव्वद.

चौऱ्याण्णव लिहिलं असतं तर कळलं असतं कोणाला?
फुटाण्यांना. दिवाळीनंतर केव्हातरी,
निळ्या धुरात.

"नव्वद हाये, मिस्त्री."

त्यानं बोटं पायजम्याला पुसली.
फिरवला. परत फिरवला.
"कुठी?"
"मधात."
मग नख लावलं, हळूच वर ओढत नेलं,
आणि ते अडलं
कोणालाच न दिसणाऱ्या एका पायरीवर.

"हं."

बराच वेळ काही नाही. पत्र्यावर कावळ्याची नखं.
मग त्यानं उजवी तर्जनी माझ्यापुढे धरली.
"चाळीस वर्सं झाले हिले घासून घासून.
लाव. पाहू दे हे किती भरते."
मला वाटलं गंमत. तो हसत नव्हता.
बोटावर रॅचेट उशिरा टिकटिकते, मांस दबत जातं.
सतरा पॉइंट बेचाळीस.
"नवं होतं तवा?"
"ते कोनं लिहून ठुलं, मिस्त्री."

वहीत यवतमाळहून आणायची यादी:
एक्झॉस्ट वॉल्व एक, गाईड एक.
तिच्याखाली, ओळ सोडून,
१७.४२, आजची तारीख.
सहावं भोक रिकामं.
"स्प्रिंगा राह्यल्या," तो म्हणाला,
"काच पूस. गुण्या आन."