शेरा नसलेला रकाना

राहायला लष्करात, नोकरीही लष्करात,
हा विनोद ग्वाल्हेरच्याच माणसाला कळतो.
दौलतगंज ते मुरार छावणी, स्कूटरनं पंचवीस मिनिटं,
आणि तिथं माझं टेबल, माझी रजिस्टरं:
रेशन, हत्यारं, रजा, आजारी, गैरहजर.
हवालदार क्लार्क फाळके.
अक्षर सुरेख, स्वभाव चिकट.

मेजर कुरियन आले ते मे महिन्यात,
किल्ल्याचा दगड रात्री नऊलाही
हात लावू देत नाही तेव्हा.
आधीच्या साहेबांनी मनोबलावर भाषण दिलं होतं,
भर उन्हात, माइकवर, पंचेचाळीस मिनिटं.
दोन जवान चक्कर येऊन पडले.
मी त्यांना 'आजारी'त लिहिलं.

कुरियननी भाषण दिलं नाही.
नावांची यादी मागितली, एका ओळीवर बोट ठेवलं:
"हे कसं म्हणायचं?"
थोकचोम इबोमचा.
आम्ही त्याला 'चमचम' म्हणायचो. पोरगं हसायचं.
हसण्यावाचून इलाज काय.
साहेब दुपारभर ते नाव पुटपुटत बसले,
मल्याळी जिभेवर घासून घासून,
आणि सकाळी फॉल-इनला पुरतं घेतलं.
इबोमचा जरा उशिरानं "हाजिर" म्हणाला,
जणू आधी मागं वळून बघायचं होतं
हा दुसरा कोण.

लंगरमध्ये साहेब रांगेच्या शेवटी.
एकदा त्यांच्यापर्यंत येता येता डाळ संपली.
बुक्कीनं कांदा फोडला, चपातीशी खाल्ला.
दुसऱ्या दिवसापासून पातेलं मोठं.
आदेश कुणी काढला?
माझ्या आवक-जावकमध्ये तरी नाही.

रजा नाकारायची तर स्वतः बोलावून सांगायचे,
"या महिन्यात नाही. म्हैस व्यायच्या आधी नक्की."
कुणाची म्हैस, कितवा महिना,
हे मी कुठंच नोंदवलं नव्हतं.

रात्री दोनला पहाऱ्यावर यायचे
ते लांबूनच टॉर्च लावून.
मला वाटायचं, साहेब अंधाराला भितात.
डुलकी लागलेल्याला सावरायला
तेवढा उजेड पुरतो,
हे फार उशिरा कळलं.

सगळंच गोड नव्हतं.
जुलैत एकदा सगळ्यांसमोर ओरडले
नायक शिकरवारवर. शिकरवारची चूक नव्हती.
तारीख मी चुकवली होती.
मी गप्प. अक्षर सुरेख.
संध्याकाळी जाऊन कबूल केलं.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
"जा."
सकाळी फॉल-इन.
"काल शिकरवारला बोललो ते चूक.
सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो."
एवढंच. मग दाहिने मुड.
माझं नाव घेतलं नाही.
ते न घेतलेलं नाव मी अजून फेडतोय.

तपासणीच्या फॉर्मात एक रकाना असायचा: मनोबल.
दरसाल मी टाइप करायचो: उच्च.
त्या वर्षी बोटं थांबली.
काय लिहू? पातेलं? टॉर्च? म्हैस?
वाक्य जुळेना.
शेवटी 'उच्च'च लिहिलं,
आणि कागद मशीनमधून काढायच्या आधी
तो शब्द पुन्हा एकदा वाचला.

आता दौलतगंजात झेरॉक्सचं दुकान आहे.
काल दुकानातल्या पोरानं कागद उलटा लावला,
चाळीस प्रती वाया.
गिऱ्हाइकासमोर नको ते बोललो त्याला.
रात्री बघितलं तर कागद मीच
उलटा हातात दिला होता.

पोराला सकाळीच सांगता आलं असतं.
शटर उघडताना दोघंच होतो.

पण मी त्या गिऱ्हाइकाची वाट बघतोय.
निळा शर्ट, हातात सात-बाराची फाइल.
चार वाजता येतो म्हणाला होता.