तीन नंबरचं रीळ

पार्सल ऑफिसात डबे यायचे होते पाच, आले चार.
हसमुखभाईंनी वही उलटीकडून चाळली,
पेन्सिल कानामागे खोवली, म्हणाले, काले आवजो.
सुतळीनं मी राणी बांधली कॅरिअरला,
आणि काळ्या घोड्यावरून, कोठीवरून, दांडियाबाजारापर्यंत
तिची टिनं एकमेकांवर आपटत राहिली.

सभासद एकेचाळीस, पंखे दोन.
वैशंपायन सर उभं राहून म्हणाले,
कथानक जरा तुटेल, सांभाळून घ्या.

जरा?
दुसऱ्या रिळाच्या शेवटी तिच्या कपाळाला तेल लावलं,
मुकुट मोठा होता, म्हाताऱ्या धर्मगुरूनं तो दोनदा बसवला,
आणि दिवा लागून विझतो तोच
पांढऱ्या सदऱ्यात ती, केस कापलेले,
जिना उतरते आहे,
खाली अंगणात ओंडका.
मागून शालूताई आंबेगावकर मोठ्यानं म्हणाल्या,
"अगंबाई, एवढ्यात?"
कुणी हसलं नाही.

डबा शनिवारी सापडला. आणंदला उतरला होता,
लिंबांच्या करंड्यांखालून परत आला.
सोमवारी सगळंच दिल्लीला धाडायचं.
रघू इंगवले म्हणाला, बसतोस? बल्ब जाईल तेवढा जाईल.
पडद्याची घडी झालेली, म्हणून भिंतीवरच लावलं.
खिळ्याचं भोक तिच्या गालावर येत होतं.

मला वाटलेलं, लढाया असतील. विष, कट, निदान एखादा प्रियकर.
तर ती खिडकीशी बसून
दाढ दुखते म्हणून लवंग चघळते.
पत्राचा मायना खोडते, पुन्हा तोच लिहिते.
माळ्याला विचारते, नासपतीला यंदा कीड कशानं.
सही करते.
कुत्रं आजारी पडतं.
सही करते, सही करते, शाई संपते,
कुणीतरी नवी दौत आणून ठेवतं न बोलता.
त्यातलीच एक सही पुढं ओंडक्याला जाऊन लागणार होती,
कुठली, ते कॅमेऱ्यालाही ठाऊक नसावं.
रघूला खालची अक्षरं वाचता येत नव्हती.
मी सांगत होतो आधी. मग थांबलो.
त्यानंही विचारलं नाही.

सोमवारी पाचही डबे घेऊन गेलो.
हसमुखभाईंनी बोट टेकवून मोजले, बराबर म्हणाले,
वही माझ्याकडे फिरवली.
मी सही केली.
कुठल्या रकान्यात, ते बघायचं राहिलं.