दुप्पट मागणी

ताकालारच्या उथळ समुद्रात डाएंग कानांग
पहाटेपासून शेवाळाच्या जुड्या दोरीला बांधतेय.
सुराबायाचा दलाल म्हणाला, यंदा दुप्पट हवं,
आणि खिशातून काढला
कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक तुकडा :
"तुझंच शेवाळ. यात आता बिस्किटं गुंडाळतात.
फेकलं तरी मातीत माती."

तिनं तो उन्हासमोर धरला.
पलीकडे नवरा, होडीतलं पाणी उपसताना,
जरासा पिवळट.
मग जिभेवर ठेवला.
खारट नाही. कशासारखाच नाही.

दलाल गेला. ओहोटी लागली.
दोरी उघडी पडली :
हात-हात अंतरावर रिकामी बाटली,
सरबताची, तेलाची, फिनेलची,
सगळं पीक त्यांच्याच खांद्यावर.

दुप्पट शेवाळ म्हणजे बाटल्याही दुप्पट.
तिनं धाकट्याला पोतं दिलं,
किनाऱ्यावर पिटाळलं.
"बुचासकट आण रे," ओरडली,
"फुटकी तरंगत नाही."