चार पानं

बोरच्या पाण्यावर चार पानं लिहिली मी.
फ्लोराइड, दात, गुडघे, सगळं आकड्यांसकट.
साकोलीच्या वाचनालयात तिघांनी वाचली,
त्यातला एक मीच.

डोमाजी कोतवालानं दवंडीपुरतं
एक वाक्य उचललं, तेही अर्धं.
पुस्तकलाबाईला अक्षर येत नाही;
तिनं चक्कीच्या भिंतीवर
गेरूनं एक वाकडा गुडघा काढला.
मंडईच्या रात्री दंडारीतला जोकर
पिवळे दात लावून आला.
लोक हसले,
हसताहसता तोंडावर हात गेले.

माझा एकही आकडा उरला नव्हता.

काल उन्हात हापशाखाली ओंजळ धरली
तर डोमाजीची नात ओरडली,
"ओ सर, नोका पिऊ जी!
तुमाले कोणी सांगतलं नाही का?"

"नाही," म्हटलं. "सांग."