माळ

सासूच्या हातची माळ सातव्या दिवशी बेंबीपर्यंत येते
असं सिंदेवाहीपासून नवरगावपर्यंत लोक सांगतात.
घेटुळीच्या मुळाचे तुकडे, कच्चं सूत,
गाठ अशी की ओढली तर सुटावी.
कावीळ उतरते तशी माळ लांबते.
पैसा घ्यायचा नाही. तांदूळ कुणी आणलेच
तर उंबऱ्याशी ठेवून जावे, हातात देऊ नये.

त्याच घरातली मी आशा.
सकाळी ती ज्याला माळ घालते
त्याला दुपारी मी रक्त तपासायला नेते.
अकरा वर्षं एका चुलीवर आम्ही भांडलो नाही.
यावर बोललोही नाही.

पोळा झाला आणि तिचेच डोळे बदलले.
"मी पिवळी मारबत झाली वो," म्हणाली, हसली,
आणि रात्रभर दाराच्या चौकटीला
म्हशीसारखी पाठ घासत राहिली.
लघवी जवसाच्या तेलासारखी.
स्वतःची माळ स्वतः गुंफता येत नाही.
एका रात्री सुताचं रीळ माझ्यापुढे सरकवलं:
"तू गुंफ."
मी गुंफली, वेडीवाकडी.
सात दिवस ती गळ्याशीच राहिली.

ब्रह्मपुरीच्या सोनोग्राफीत नळीतला खडा दिसला,
हरभऱ्याच्या डाळीएवढा.

नागपूरच्या डॉक्टरनं केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं.
हे यकृत. ही पित्ताची नळी. ही स्वादुपिंडाची.
दोघी इथं मिळतात, आणि आतड्यात
दोघींचं मिळून हे एवढंसं तोंड.
जैतुराबाई चित्राकडे बघत राहिली.
"दोन जावांचं एक दार," ती म्हणाली,
"अडनारच मा."
तोंडातून दुर्बीण घालू, पोट फाडायचं नाही.
"आतमंदी फोटो कोनाचा काढते?"

मग कागद. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते,
शंभरातल्या पाच-सात जणांना.
क्वचित जीवावर बेततं.
गावातल्या किती बायांना मी म्हटलंय,
काही होत नाही, करा सही.
तिचा अंगठा शाईत बुडालेला,
आणि मी तीच ओळ पुन्हा वाचत होते.

नाकातली फुली साबण लावूनही निघेना.
शेवटी नर्सनं चिकटपट्टी लावली.
आत पालथं झोपवलं, दातांत कडं दिलं.
"बैलाला नाळीनं दवा पाजते तसं," ती नंतर म्हणाली,
बाकी तिला काही आठवत नाही.

मला आठवतं ते बाक,
एक पाय आखूड असलेलं.
कुणीही बसलं की दुसऱ्या टोकाचा माणूस उचलला जायचा.

शिशाचा एप्रन काढत डॉक्टर बाहेर आला.
बारीक चिरा दिला, फुगा ओढला, खडा सुटला.
"आणि पित्त?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.
"आलं ना. आधी गढूळ, मग हिरवंगार."
आत प्लास्टिकची नळी ठेवलीय.
तीन महिन्यांनी काढायला आणा.
विसरतात लोक.

त्या रात्री दर तासाला विचारलं, पोट दुखतं का.
पहाटे ती वैतागली.
"दुखत नाई. तुझी कटकट दुखते.
खर्रा हाय का कोनाकडं?"

आता पुन्हा लोक येतात.
ती खालची पापणी ओढून बघते,
खाज सुटते का विचारते,
संडास पांढरी होते का विचारते.
हो म्हटलं की सूत खाली ठेवते,
आतल्या खोलीकडे हनुवटी करते:
"सुनेकडं जा."
नाही म्हटलं तर माळ घालते.
मी तेव्हा रजिस्टर लिहीत असते. मान वर करत नाही.

कॅलेंडरवर तिचा विश्वास नाही.
माझ्या पिशवीच्या खुंटीवर तिनं एक माळ टांगलीय,
तेरा तुकड्यांची.
ही वाढत नाही.
दर सोमवारी अंघोळ झाली की एक तुकडा सोडवते,
चुलीत टाकते.

पाच उरलेत.