रिकामा रकाना

ऑरिन ट्वेट बोलतो कमी, बोललाच तर आकड्यांत.
म्हणून मला बोलावतो. एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं.
वही माझी, पेन्सिल माझी,
बंदूक त्याची.

लेमहायच्या खोऱ्यात ऑगस्ट संपत आलेला,
सेजच्या झुडपांचा कडवट वास, समोर पिवळा पडलेला डोंगर.
नळीपुढे दहा फुटांवर तिपाईवर
वेग मोजायचं जुनं यंत्र:
आभाळाकडे लावलेले दोन डोळे, वर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कमानी.
गोळी त्याला दिसत नाही.
तिची सावली या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जायला
किती वेळ लागला, एवढंच ते सांगतं.
ढग आला की गोंधळतं.
मीसुद्धा.

काडतुसं त्यानं घरी भरलीत, जेवायच्या टेबलावर,
पंखा बंद करून, श्वास आवरून,
दारू गुंजेच्याही अंशापर्यंत तोलून.
सोनार बघत बसला असता तर त्यानंही मान डोलावली असती.

पहिली. कानावरच्या टोप्यांतूनही छातीत धक्का बसतो.
२८४१, मी लिहिते. फूट, दर सेकंदाला.
२८३८. २८४४. २८३९. २८४३. २८४०.
त्याच्या मानेचा ताठरपणा जरा उतरतो.
सातवी:
२७९६.

दोघंही गप्प.
लांब कुणाच्या तरी शेतात पाण्याचा पंप चालू आहे.
मग आठवी २८४२, नववी २८३७, दहावी २८४०,
शहाण्या मुलांसारख्या, जणू मधे काही घडलंच नाही.

"ढग होता," ऑरिन म्हणतो.
मी वर बघते. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं कोरडं.
"ती एक गाळली तर?"
गाळली तर फरक दोन-अडीच फुटांचा,
कुणालाही वही दाखवावी असा.
धरली तर चौदा.
असे प्रश्न मला मुलांनी फार विचारलेत,
नापास झालेला एक पेपर सोडून सरासरी काढाल का, बाई?

मी कागदावर हिशेब मांडते:
सहाशे यार्डांवर ही गोळी चार बोटं खाली लागेल.
आठशेवर जवळजवळ वीतभर.
वीत म्हणजे काय, ते त्याला सांगावं लागत नाही.
फुप्फुस आणि पाय यांत तेवढंच अंतर असतं.
नऊ साली त्यानं एक मादी रात्रभर शोधली होती,
बर्फावर थेंब, मग थेंबही नाहीत.
हे त्यानं मला सांगितलेलं नाही. त्याच्या भावानं सांगितलं.

ऑरिन सातवं रिकामं कवच उचलतो, उन्हात फिरवून बघतो,
तोंडाशी नख लावतो, वास घेतो.
कारण सापडत नाही.
ते कवच खिशात टाकून तो यंत्राची घडी करू लागतो.

ऑक्टोबरमध्ये तो वर गेला, परत आला ते हात हलवत.
ओले मोजे माझ्या शेगडीवर टांगून
सगळं सांगितलं, म्हणजे त्याच्या मानानं सगळं:
एल्क, नर, आडवा उभा. सहाशे चाळीस यार्ड.
वारा नाही. बोट घोड्यावर.
"आणि?"
"आतमध्ये कोणती होती, मला काय माहीत."
तो उठला, घळीतून जवळ जायला निघाला.
अर्ध्या वाटेत वारा फिरला, त्याचा वास वर पोचला
आणि कडा मोकळा झाला.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी खूप राजमा खाल्ला.

पण त्या रात्री त्यानं वही मागून घेतली,
तारीख टाकली, अंतर टाकलं,
आणि वेगाच्या रकान्यात शून्य काढायला लागला.
मी त्याचा हात धरला.
शून्य नको, ऑरिन. शून्य म्हणजे मोजलं, आणि काही निघालं नाही.
हे रिकामं ठेव.

त्यानं रिकामं ठेवलं.
मग विचारलं, यानं सरासरी बिघडत नाही ना?