आत वळणारं पाऊल

नेरूळच्या त्या दुकानात संध्याकाळीच जा,
असं आमच्या पळणाऱ्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी बजावलं होतं.
दिवसभरात पाय फुगतो,
आणि फुगलेला पायच खरा पाय.
म्हणून पतपेढीची रोकड जुळवून
सव्वासातला पोहोचले.
जुने बूट पिशवीत, ते आणायलाच हवेत म्हणे,
तळ बघतात.

दर्पण तांडेल. असेल बावीसचा.
त्यानं बूट उलटे केले, आतली कड बोटानं चाचपली,
आणि काही बोलला नाही.
डॉक्टर रिपोर्ट बघून बोलत नाहीत, तसा.
मग तळव्यावर पाण्याचा फवारा,
खाली खाकी कागद.
उभ्या राहा, मॅडम. आता उतरा.

कागदावर भाकरी.
म्हणजे पाऊलच होतं ते,
पण दारात चिकटवतो त्या लक्ष्मीच्या पावलांना
कशी बारीक कंबर असते,
तसलं काही नाही.
सगळा तळवा टेकलेला,
जमिनीवर कधी संशयच घेतला नसावा त्यानं.

डावा अर्ध्या नंबरानं मोठा आहे तुमचा.
मोठ्याचं माप घ्यायचं,
लहान सांभाळून घेतो.

मग ट्रेडमिल. मागून मोबाइल.
माझी टाच मला पहिल्यांदाच दिसली,
सत्तेचाळीस वर्षांची, भेगांसकट,
संथ, अगदी संथ खाली येणारी.
बघा, इथे टेकली, आणि इथून घोटा आत कलतो.
पाऊल वाकडं पडतंय तुमचं.

किती सहज म्हणाला.

आमच्या घरी या एका वाक्यानं
सायकल थांबली होती, एनसीसी थांबली होती,
आणि एकोणनव्वदच्या मे महिन्यापासून
थोरल्या बहिणीचं, कुंदाचं,
नाव घेणं थांबलं होतं.
बाबा गेले तेव्हा ती जिन्यापर्यंत आली होती.
चपला तिथेच दिसल्या मला,
आतल्या कडेनं झिजलेल्या.
लहानपणी एकच जोड दोघींत चालायचा.
नाक्यावरचा मोची म्हणायचा,
कुणाची आहे विचारत नाही मी,
पाय एकच आहे.

दर्पणनं तीन जोड आणले.
पहिल्यात आतल्या बाजूला करडा, टणक तुकडा,
कललेल्या घोट्याला आधार.
पाय सरळ राहिला खरा,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखा.
दुसरा अंगठ्याला लागला.
तिसरा घालून मी दुकानाबाहेर
रिक्षास्टँडपर्यंत पळून आले, पर्स काखेत,
आणि परत येताना लक्षात आलं
की पायांचा विचारच केला नव्हता.

पण यात तो आधार नाही ना, मी म्हटलं.
वाकडं पडतंय ना माझं?
तो लेस सोडवत होता. मॅडमची आता काकू झाली होती.
अहो काकू, थोडं आत वळतंच सगळ्यांचं,
धक्का जिरवायला लागतं ते.
आमची आई दिवाळ्याच्या खाडीत, चिखलात,
नुसत्या पावलावरून सांगते पुढे कोण गेलंय.
सगळी सरळ पडली तर कशी ओळखणार?
दुखतंय का कुठे?

नाही.

मग झालं तर.

दुखतंय का कुठे.
इतकी वर्षं घरात एवढं बोललं गेलं,
हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

सात हजार चारशे. मोजे वेगळे.
तो खाकी कागद मागून घेतला,
चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला,
कुणाला तरी दाखवायचा म्हणून.
घरी येऊन उलगडला
तर वाळून कोरा.
घड्या तेवढ्या होत्या.

पहाटे साडेपाचला पामबीचच्या कडेनं
करावेपर्यंत जाऊन आले.
तळ्यात फ्लेमिंगो एका पायावर उभे,
दुसरा कसा पडतो कुणास ठाऊक.
मी मोजायचं ठरवलं होतं,
किती पावलं आत वळतात ते,
साठाच्या पुढे विसरले.

घाम पुसायच्या आधीच फोन लावला. कळव्याचा नंबर,
भाचीच्या लग्नात चिठ्ठीवर लिहून घेतलेला.
बराच वेळ वाजला.
काय बोलायचं ते काहीच ठरवलं नव्हतं,
म्हणून म्हटलं,
तुझ्या पायाचं माप काय गं?
अजून साडेसहाच?

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मग ती म्हणाली,
डावा सात.